सर्वांत थोर अ‍ॅडव्हेंचर गेम कोणता? आमचा कौल ‘आउटर वाइल्ड्स’ला

आमच्या मते आजवरचा सर्वांत थोर अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे २०१९ साली आलेला ‘आउटर वाइल्ड्स’. विकत घेताना नाव नीट वाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द आउटर वर्ल्ड्स’ नावाचा बंदुका आणि संवादांचा, अगदी वेगळ्या जातीचा गेम आला आणि दोन्हींत गल्लत होते. आम्ही ज्याबद्दल लिहितोय तो मोबियस डिजिटलने बनवला आणि अ‍ॅनापुर्ना इंटरअ‍ॅक्टिव्हने प्रकाशित केला. त्यात शत्रू मारायचे नाहीत, पैसे जमवायचे नाहीत, हत्यारं सुधारायची नाहीत.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर एखाद्या दुकानात ‘अ‍ॅडव्हेंचर गेम दाखवा’ म्हटलं की समोर बहुधा धावपळीचा, उड्या मारण्याचा, गोळीबाराचा गेम येतो. दुकानदाराची चूक नाही. ‘टूम रेडर’ (१९९६) किंवा ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) यांना जगभर अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर म्हणतात आणि त्यातला पहिला शब्द बोलताना गळून पडतो. ‘ऑकरिना’ हा महान गेम आहे, पण अवघड जागी तिथे बोटांचा वेग कामाला येतो. आम्ही या निवडीत असे गेम धरलेले नाहीत.

या प्रकाराचं मूळ पाहिलं की असं का, ते कळतं. अमेरिकेतले विल क्राउदर हे प्रोग्रॅमर होते आणि गुहा धुंडाळण्याचा त्यांना नाद होता. १९७६ च्या सुमारास त्यांनी केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशावरून पीडीपी-१० संगणकावर, फोरट्रान भाषेत, निव्वळ मजकुराचा एक गेम लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्स यांनी तो वाढवला. त्या गेमचं नावच ‘अ‍ॅडव्हेंचर’, आणि पुढच्या सगळ्या प्रकाराला तेच चिकटलं. अनोळखी जागेत शिरायचं, नीट बघायचं, विचार करून पुढचा रस्ता उघडायचा, इतकंच त्यात होतं. म्हणून आमच्या कसोट्याही त्यातूनच निघाल्या. रस्ता हाताच्या चपळाईने नाही, डोक्याने उघडला पाहिजे. कोड्याचं उत्तर गेममध्येच असलं पाहिजे. आणि खेळणारा नकळत कायमचा अडकता कामा नये.

तिसऱ्या कसोटीवर जुने मोठे मोठे गेम पडतात. सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये (१९९०) एक मांजर उंदराच्या मागे लागलेलं क्षणभर दिसतं. त्या क्षणी जुना बूट फेकून उंदराला वाचवलं नाही, तर पुढे खानावळीच्या तळघरात तुम्हाला बांधून ठेवतात तेव्हा दोर कुरतडायला कोणी येत नाही. गेम तिथेच संपतो, आणि चूक नेमकी कुठे झाली ते सांगत नाही. त्याच गेममधला ‘पाय’ (pie, कस्टर्डचा गोड पदार्थ) भूक लागली म्हणून खाल्लात, तर पुढे हिममानवावर फेकायला काही उरत नाही. या मालिकेच्या रचनाकार रॉबर्टा विल्यम्स यांचं या क्षेत्रातलं काम पायाभूत आहे, पण ही रचना आज सहन होत नाही. रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्येच एक लेख लिहून बजावलं होतं की खेळणाऱ्याला मरून शिकायला लावू नका आणि मागे राहिलेल्या वस्तूपायी पुढचा रस्ता बंद करू नका. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ने ते करून दाखवलं.

दुसऱ्या कसोटीवर पडलेलं सर्वांत कुप्रसिद्ध कोडं ‘गेब्रिएल नाइट ३’मधलं (१९९९). मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी एका मित्राचं सोंग घ्यायचं असतं. त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर गोळा करून, सिरपने चिकटवून मिशी करायची. मित्राला मुळात मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवरही मिशी काढायची. बाकी गेममध्ये इतिहास आणि तपास छान आहे, पण अशा ठिकाणी माणूस विचार करणं सोडतो आणि प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासून बघायला लागतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा प्रकार मागे पडला, त्याला ही सवयही कारणीभूत झाली.

जुन्यांपैकी आमच्या यादीत सर्वांत वर ‘डे ऑफ द टेंटकल’ (१९९३). तीन पात्रं एकाच घरात, पण तीन काळांत: एक आज, एक २०० वर्षं मागे, एक २०० वर्षं पुढे. मागच्या काळात वाइनची बाटली काळपेटीत पुरली की पुढच्या काळात पेटीतून व्हिनेगर निघतं, आणि ते मागच्या काळात परत पाठवून बॅटरीसाठी वापरता येतं. अशी तर्कशुद्ध आणि गमतीदार कोडी एकामागून एक येतात. २०१६ ची नवी आवृत्ती आजच्या कोणत्याही लॅपटॉपवर चालते. आमची तक्रार एकच. काही कोड्यांसाठी जॉर्ज वॉशिंग्टनची चेरीच्या झाडाची गोष्ट आणि बेंजामिन फ्रँकलिनचा पतंग आधीपासून माहीत असावा लागतो. अमेरिकन मुलांना हे शाळेत कळतं, इंदूरच्या रामबागेतल्या मुलाला कळेलच असं नाही. अडलात तर या दोन गोष्टी आधी वाचून घ्या, तेवढ्याने काम होतं.

‘मिस्ट’ (१९९३) एकांताच्या वातावरणासाठी आणि सीडी-रॉम घरोघर नेण्यासाठी मोठा. ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) कथेसाठी. दोन्ही खेळावेत, पण सर्वांत थोर म्हणायला आम्ही धजत नाही. ‘मिस्ट’मध्ये कोडी यंत्रांची आहेत, जगाची कमी. ‘ग्रिम फँडँगो’त पात्रं अप्रतिम, पण कोड्यांची सांगड सैल.

पहिल्या क्रमांकाला खरी टक्कर देतो तो ल्युकस पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ऑब्रा डिन’ (२०१८). तो भारतीय वाचकाने का खेळावा, याला वेगळं कारण आहे. काळ १८०७, आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीचे विमा-निरीक्षक. १८०२ मध्ये पूर्वेकडे निघालेलं जहाज पाच वर्षांनी रिकामं परत आलंय. जहाजावरच्या ६० जणांपैकी प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कोणी केलं, हे वहीत भरायचं. मृतदेहाजवळ घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा एकच गोठलेला क्षण दिसतो, त्याआधीचे आवाज ऐकू येतात. खलाशांत भारतीयही आहेत, आणि त्यांना ओळखताना आपल्याकडच्या खेळाडूला पोशाख आणि नावांची थोडी जास्त जाण असते.

गेमची हुशारी अशी, की तीन जणांची माहिती पूर्ण बरोबर भरली तरच तो ती कायम करतो. त्यामुळे एकेकाचं नाव अंदाजाने ठोकून पाहणं परवडत नाही. इंदूरच्या खेळाडूला खरी अडचण येते ती उच्चारांची. कोण आयरिश, कोण वेल्श, कोण स्कॉटिश, हे बोलण्यावरून ओळखायची जागा येते आणि सबटायटल्समध्ये उच्चार दिसत नाही. घाबरू नका. झोपायच्या झोळ्यांवरचे क्रमांक, जेवताना कोण कोणाबरोबर बसतं, गणवेश, गोंदण, आणि सुरुवातीलाच मिळणारी जहाजाची चित्रं, यांवरून बहुतेक जण ओळखू येतात. खलाशांची यादी कागदावर उतरवून घ्या आणि देशानुसार गट करा. चित्र दोनच रंगांत असल्याने मोठा पडदा आणि अंधारलेली खोली बरी. गेम सुमारे २ जीबीचा, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. भंवरकुआंच्या होस्टेलात अभ्यासाच्या लॅपटॉपवर काय खेळावं असं कोणी विचारलं, तर आम्ही आधी हेच नाव सांगू.

तरीही तो दुसरा. कारण ‘ऑब्रा डिन’मध्ये सगळं घडून गेलेलं आहे, तुम्ही फक्त नोंदी करता. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये जग तुमच्यासमोर चालू असतं आणि त्यात शिरून चूक करण्याचा अधिकार तुम्हाला असतो.

या गेममध्ये एक छोटी सूर्यमाला आहे. टिंबर हार्थ नावाच्या जंगलाळ ग्रहावर तुमचं गाव, आणि तिथून तुम्ही पहिल्यांदाच एकट्याने लाकडी अवकाशयान घेऊन निघता. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीजवळ जागे होता. एवढं सांगायला हरकत नाही, कारण हे पहिल्या तासातच कळतं. पुढचं सांगणार नाही. फेरी संपली की यान, इंधन, सगळं मूळ जागी येतं. टिकते ती फक्त तुम्हाला कळलेली माहिती, आणि ती यानातल्या नोंदवहीत आपोआप लिहिली जाते. म्हणून कायमचं अडकणं इथे शक्यच नाही. वस्तू हरवत नाही, कारण जपून ठेवायची वस्तूच नाही. ज्याला उत्तरं माहीत आहेत तो नवा गेम सुरू करून २२ मिनिटांच्या आत शेवट गाठू शकतो, उड्डाणाचे आकडे घेणं सोडलं तर मध्ये एकही कुलूप नाही. इतकी निर्भेळ रचना या प्रकारात दुसरी नाही.

आणि जग खरंच चालू असतं. जुळ्या ग्रहांपैकी अ‍ॅश ट्विनवरची वाळू एंबर ट्विनवर ओतली जात राहते, त्यामुळे एंबरच्या गुहा भरत जातात आणि अ‍ॅशवरच्या जागा उघड्या पडतात. ब्रिटल हॉलो ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे आणि त्याचं कवच तुकड्यातुकड्याने आत कोसळतं. हे पडद्यामागे थांबवून ठेवलेलं नसतं. तुम्ही तिथे नसतानाही वाळू सरकत असते. त्यासाठी बनवणाऱ्यांनी केलेली युक्ती सांगण्यासारखी आहे. गेम इंजिनमध्ये मध्यबिंदूपासून दूर गेलं की दशांशांची अचूकता घसरते आणि वस्तू थरथरू लागतात. म्हणून इथे मध्यबिंदूच तुम्ही आहात: तुम्ही चालता तेव्हा तुमच्याभोवती सारी सूर्यमाला सरकवली जाते. अ‍ॅलेक्स बीचम यांनी हा गेम विद्यार्थिदशेतल्या प्रकल्पातून वाढवला. २०१५ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्याला मिळाला.

आता खेळायचं कसं, कारण बरेच जण पहिल्या दोन तासांत सोडून देतात आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण उड्डाण. उठल्याबरोबर यानाकडे धावू नका. तसेही उड्डाणाचे सांकेतिक आकडे वर वेधशाळेत हॉर्नफेल्स नावाच्या पात्राकडून घ्यावे लागतात. वाटेत छोट्या खेळण्यातल्या यानाचा सराव आहे, आणि गुहेत वजनरहित अवस्थेत दुरुस्तीचा सराव आहे. दोन्ही करा. अवकाशात ब्रेक नसतो. पुढे रेटा दिला की यान त्याच वेगाने जात राहतं, थांबायचं तर तितकाच रेटा उलट द्यायचा. अर्धं अंतर वेग वाढवण्यासाठी आणि अर्धं कमी करण्यासाठी, हा ठोकताळा लक्षात ठेवा. ग्रहावर निशाणा लॉक करून ‘मॅच व्हेलॉसिटी’चं बटण दाबून धरलं की तुमचा वेग त्या ग्रहाशी जुळतो. उतरताना हेच बटण सर्वांत जास्त वाचवतं.

ऑटोपायलट उपयोगी आहे, पण तो वाटेत काय आहे ते बघत नाही. सरळ रेषेत जातो, आणि त्या रेषेत सूर्य असला तर सूर्यात जातो. चालू करण्याआधी लक्ष्य आणि सूर्य यांची जागा डोळ्यांनी तपासा. गरज वाटली तर आधी बाजूला उंच जा आणि मग चालू करा.

यानातून उतरताना स्पेससूट घातलाय ना, हे बघा. नवख्यांचे बरेच मृत्यू सूट न घालता दार उघडल्याने होतात. झाडांजवळ ऑक्सिजन आपोआप भरतो, यानात परतलं की ऑक्सिजन भरतो, इंधन मात्र आतल्या औषधपेटीपाशी बटण दाबून भरावं लागतं. जेटपॅकचं इंधन संपलं की तो ऑक्सिजन वापरू लागतो, हे गेम ओरडून सांगत नाही. यान आपटलं तर बाहेर जाऊन खराब भागावर बटण दाबून धरलं की दुरुस्त होतं. मात्र रिअ‍ॅक्टरचा इशारा आला तर आधी तोच, नाहीतर यान फुटतं.

दुसरं कारण ‘आता करायचं काय’. गेम तुम्हाला कामांची यादी देत नाही. पहिला प्रवास गावाच्याच चंद्रावर, अ‍ॅटलरॉकवर करा, कारण तो जवळ आहे आणि उतरणं सोपं. मग सिग्नलस्कोप (दूरचे आवाज पकडणारं यंत्र) हातात घ्या आणि प्रवाशांच्या वारंवारतेवर फिरवा. कुठून बँजो ऐकू येतो, कुठून बासरी, कुठून हार्मोनिका. प्रत्येक वाद्याशी एक माणूस आहे आणि प्रत्येकाकडे सांगायला काही आहे. बासरीवाल्या गॅब्रोशी पहिल्या फेऱ्यांतच बोला. त्याच्याकडून ध्यान शिकलं की फेरी लवकर संपवता येते, मग बिघडलेली फेरी रेटत बसावं लागत नाही.

अडलात की यानातली नोंदवही उघडा आणि त्यातला धाग्यांचा नकाशा बघा. ज्या ठिकाणी अजून काही उरलंय तिथे नारिंगी खूण असते. एखाद्या जागी पोहोचताच येत नसेल तर कौशल्य कमी पडतंय असं समजू नका. बहुधा वेळ चुकलेली असते. एंबर ट्विनवर फेरीच्या अगदी सुरुवातीला जा, वाळू भरण्याआधी. अ‍ॅश ट्विनवर उशिरा. ब्रिटल हॉलोचं टांगतं शहर बघायचं तर कवच शाबूत असताना. डार्क ब्रॅम्बलमध्ये वारंवार मरत असाल तर तिथे झगडू नका. उत्तर दुसऱ्या ग्रहावर लिहिलेलं आहे, ते वाचून या. स्काउट यंत्र फेकून फोटो काढायची सवय लावा. डोळ्यांना न दिसणारा प्राणघातक पदार्थ फोटोत दिसतो.

तिसरं कारण भाषा. गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही, आणि जुन्या संस्कृतीचे लेख वाचण्यातच सगळं मर्म आहे. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला २२ मिनिटांचं घड्याळ छळतं. त्यावर उपाय आहे, पण तो शोधावा लागतो: सेटिंग्जमध्ये वाचताना, संवादात आणि नोंदवही बघताना वेळ गोठवण्याचे पर्याय आहेत. खेळ सुरू करण्याआधी ते तिन्ही चालू करा. दोघांनी मिळून खेळलं तर आणखी बरं: एकाने उडवायचं, दुसऱ्याने लेख मोठ्याने मराठीत सांगायचा आणि वहीत टिपायचा. दिवाळीच्या सुट्टीत आतेभाऊ-मामेभाऊ जमतात तेव्हा एकाच पडद्यावर चौघांना गुंतवणारा एकट्याचा गेम हा असा एखादाच.

यूट्यूबवर उत्तरं बघू नका. हा गेम एकदाच खेळता येतो. कळलेलं परत न-कळलेलं करता येत नाही, म्हणून उत्तर पाहिलं तर तो उत्तरं भरलेल्या शब्दकोड्यासारखा होतो. मदत मागायचीच तर ज्याने खेळलाय त्याला ‘मी कोणती जागा अजून पाहिलेली नाही’ एवढंच विचारा.

दोष आहेत. दूरच्या एखाद्या जागी मेलात की पुन्हा शेकोटीपासून तोच प्रवास करावा लागतो, आणि वाळूच्या वेळा पाळायच्या ठिकाणी हे दोन-तीनदा झालं की कंटाळा येतो. गिरक्या घेताना ज्यांना मळमळतं त्यांना त्रास होऊ शकतो. सलग तासाभराहून जास्त नको. आणि खोल पाण्याची, अंधाराची किंवा अथांग पोकळीची भीती असेल तर काही जागा खरोखर जड जातात.

कीबोर्डपेक्षा कंट्रोलर चांगला, कारण रेटा कमी-जास्त देता आला पाहिजे. सिल्व्हर मॉलमध्ये घेताना मागचे ट्रिगर अ‍ॅनालॉग आहेत का, ते विचारा. स्वस्त पॅडमध्ये ते नुसते चालू-बंद असतात आणि यान झटके खात उडतं. दुकानातच लॅपटॉपला लावून विंडोजच्या गेम कंट्रोलर पानावर बघा: ट्रिगर हळू दाबला की पट्टी हळू सरकली पाहिजे, आणि काड्या सोडल्यावर खूण मधोमध स्थिर राहिली पाहिजे. मागे मोडचं बटण असेल तर ‘एक्स’वर ठेवा.

गेमला सुमारे ८ जीबी जागा लागते. चित्र साधं दिसलं तरी भौतिकीचं गणित सतत चालू असतं, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना ऑफिसचा लॅपटॉप दमतो. मे महिन्याच्या दुपारी तर नक्कीच, तेव्हा मागची बाजू उचलून ठेवा आणि फ्रेम्स सेकंदाला ३० वर बांधून टाका. शंका असेल तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या. तिथे रुपयांत किंमत असते, आणि खरेदीपासून १४ दिवसांत व खेळ २ तासांपेक्षा कमी झालेला असताना पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत गावातून उडून चंद्रावर उतरून बघा, मशीन झेपतंय की नाही ते कळेल. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि २०२३ पासून निन्टेंडो स्विचवरही तो आहे.

पूर्ण व्हायला साधारण १५ ते २० तास. या प्रकारात अगदीच नवीन असाल तर खर्च न करता सुरुवात करता येते: जुने गेम चालवणारा स्कम-व्हीएम हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यांच्याच साइटवरून ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) कायदेशीर मोफत उतरवा. तो आवडला तर ‘ऑब्रा डिन’, मग ‘आउटर वाइल्ड्स’. २०२१ मध्ये आलेला ‘एकोज ऑफ द आय’ हा त्याचा वाढीव भाग लगेच घेऊ नका. मूळ गेमचे धागे हाती आल्यावर घ्या, मग गावातल्या संग्रहालयात एक नवं दालन दिसेल, तिथून तो सुरू होतो. त्यातला अंधार मूळ गेमपेक्षा जास्त घाबरवतो. सेटिंग्जमध्ये ‘रिड्यूस्ड फ्राइट्स’ चालू केलं की तो खेळण्याजोगा होतो.